आठव्या लेनची भिंत

मैदानावर त्याला सगळे फटाका म्हणायचे. तरुणपणी शंभर मीटर पळायचा तसा म्हणून, आणि पन्नाशी उलटल्यावर भडकायचा तसा म्हणून. त्याची बायको शेजारच्या तलावावर पोहणं शिकवायची, तिला मात्र सगळे मॅडम म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. नवऱ्याला एकेरी आणि बायकोला मान, असा त्या क्रीडासंकुलाचा न्याय होता, आणि खोटं कशाला बोला, तो न्याय बरोबरच होता. मॅडमच्या हाताखालची पोरं मोठमोठ्या स्पर्धांना जायची. फटाक्याच्या हाताखालची पोरं फार तर बस पकडण्यापुरती पळायची.

दोघांची एकुलती एक लेक म्हणजे बेडकी. हे नाव बापानेच ठेवलेलं, कारण आठव्या वर्षी पाण्यात उतरली ती बाहेर यायलाच तयार नव्हती. बारा वर्षं आईने तिला पोहवलं. मग विसाव्या वर्षी तिचा उजवा खांदा निकामी झाला आणि डॉक्टरने सांगितलं, आता पोहणं विसरा. मॅडम दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना फटाका म्हणाला, "खांदा गेला तर गेला, पाय आहेत ना? दोन वर्षं पोरगी माझ्याकडे दे, धावपटू करून दाखवतो."

बोलणं काही वाईट नव्हतं, पण सूर वाईट होता. जणू हा माणूस खांदा जायचीच वाट बघत होता. तो सूर त्याचा त्यालाच ऐकू आला आणि पुढे दोन वर्षं छळत राहिला. पोरीला मैदानावर आणलं ते तिच्या भल्यासाठी, की बायकोवर कुरघोडी करायला? याचं उत्तर त्याला येत नव्हतं, म्हणून तो आणखी जोरात ओरडायचा.

घरात मग रोज जुंपायची. मॅडम म्हणायच्या, "मी सकाळी पोरांकडून पाच किलोमीटर पोहून घेते. तुमची पोरं साठ मीटर पळतात आणि पाच मिनिटं बसतात. ही तालीम आहे की सहल?"

"अगं, सगळा जोर एकदम लावला की अंगात परत भरायला पाच मिनिटं लागतातच. तुझी पोरं दोन दोन तास डुंबतात ते लवकर पोचता येत नाही म्हणून!"

यावर मॅडमनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. तो आठवडा फार शांततेत गेला, असं बेडकी नंतर सांगायची.

खाण्यावरून तर विचारू नका. बेडकीचा न्याहारीचा हिशोब पोहणाऱ्यांचा होता : सहा अंडी, अर्धा पाव, चार केळी, वर तांब्याभर दूध. थंड पाण्यात दोन तास हातपाय मारले की ते सगळं कुठल्या कुठे जायचं. मैदानावर ते कुठे जाणार? ते कमरेवर बसलं. फटाक्याने अंडी ठेवली आणि पाव तोडला. "पाणी तुला उचलून धरत होतं. इथे तुझं वजन तुलाच न्यायचंय बाई," तो म्हणायचा. आई पंपाच्या खोलीमागे गुपचूप केळी द्यायची. एकदा फटाक्याला लेकीच्या बॅगेत साली सापडल्या, आणि त्या दिवशी शेजाऱ्यांनी रेडिओ बंद करून खिडक्या उघडल्या.

पण पोरगी पळायला लागली हो! पोहून पोहून तिचे घोटे पार ढिले झाले होते. पाण्यात ते छान, पण जमिनीवर पाय आपटला की उसळी हवी. वर्षभर दोरीवरच्या उड्या, लंगडी, पायऱ्या, असं करून फटाक्याने ते घोटे बांधून काढले. मग तिचं घड्याळ उतरायला लागलं. शंभर मीटरला साडेतेरा सेकंद, तेरा, साडेबारा, आणि परवा परवा बारा पूर्णांक शून्य पाच. तो आकडा बघून फटाक्याने घड्याळ झटकून पाहिलं होतं.

आज निवड चाचणी होती. शंभर मीटरमध्ये पहिल्या तिघी राष्ट्रीय संघाच्या निवासी शिबिराला जाणार होत्या. शिबिराची वयाची अट तेवीसच्या आत, आणि बेडकीला पुढच्या महिन्यात तेवीस पूर्ण होत होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. मागे पोहणं संपलेलं, पुढे हे दार बंद, आणि मध्ये उभा बाप, दोन वर्षांचं वचन देऊन बसलेला.

सकाळी उपांत्य फेरी झाली. बेडकी ब्लॉकमधून अशी सुटली की फटाक्याच्या तोंडून शिट्टी निघाली. सत्तर मीटरपर्यंत तिसरी, नव्वदला दुसरी. आणि शेवटच्या तीन पावलांत तिने काय केलं? उजवा हात पुढे लांब केला, डोकं खाली घातलं, अंग ताणलं आणि रेषेला हात लावला. चौथी आली!

पंचांच्या टेबलावर रेषेवरचा फोटो बघायला फटाका गेला तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं. तिचा हात बाकीच्यांच्या कितीतरी पुढे होता, आणि छाती मागे. शर्यतीत धड मोजतात. हात कुणी विचारत नाही. बाहेरगावचा पंच म्हणाला, "काय हो, तुमची मुलगी कुणाला टाटा करत होती?" फटाक्याला इतकी लाज वाटली की तो भडकलासुद्धा नाही.

बारा वर्षं तिने प्रत्येक शर्यत भिंतीला हात लावून संपवली होती. पाण्यात हात टेकला की घड्याळ थांबतं. आणि या शहाण्या माणसाने तिला सुरुवात शिकवली, घोटे शिकवले, अंड्यांची मोजदाद शिकवली, पण शेवट शिकवलाच नाही. शेवट काय शिकवायचा? रेषा आली की छाती पुढे, हे तर शेंबड्या पोरालाही येतं. सरावात ती रेषेच्या पुढे तशीच पळत जायची, शेजारी कुणी नसायचं, मग कोण कशाला हात पुढे करेल? चुरस आली आणि अंगात मुरलेलं बाहेर पडलं.

नशीब एवढंच, की वेळेच्या हिशोबात ती आठवी बसली आणि अंतिम फेरीत घुसली. सगळ्यात कडेची आठवी लेन मिळाली. शर्यतीला चार तास होते.

फटाक्याने तिला प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, अडथळे ठेवायच्या खोलीसमोर नेलं. खांबाला पट्टी बांधली, दुसरं टोक स्वतः धरलं. "छातीने तोड. हात मागे!" बेडकी आली, हाताने तोडली. पुन्हा. हाताने. नऊ वेळा झालं. दहाव्यांदा तिने छातीचा इतका विचार केला की पाय पायात अडकले आणि ती तोंडावर आपटली. उठली तेव्हा गुडघा सोललेला आणि डोळे भरलेले.

"बाबा, आता मला पळायचं कसं तेच कळेना."

हे ऐकून त्याने हातातलं पट्टीचं टोक खाली टाकलं. "बस इथे," तो म्हणाला. "सावलीत बस. एक केळं खा."

तिने चमकून बापाकडे पाहिलं. बाप केळं खा म्हणतोय म्हणजे परिस्थिती फारच गंभीर होती.

तलावाच्या दारात चपला काढाव्या लागतात. फटाका बूट काढून, मोज्यांनी ओल्या फरशीवरून पचक पचक करत आत गेला. मॅडम काठावर उभ्या होत्या. त्या चाचणीला आल्या नव्हत्या. आपण दिसलो की पोरगी बावरते, असं त्या सांगत. खरं कारण असं की त्यांना ती जमिनीवर बघवत नसे.

"चौथी आली," फटाका म्हणाला. "भिंतीला हात लावला तिने. रेषेला. तू शिकवलंस तसा."

"आणि तुम्ही काय शिकवलंत?"

"तेच सांगतोय. शेवट शिकवायचा राहिला. माझी चूक झाली."

तोंडाकडे नेलेली शिट्टी मॅडमनी खाली सोडली. पंचवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. आधी त्या हसल्या, चांगल्या पोट धरून हसल्या. मग नवऱ्याचा चेहरा बघून थांबल्या.

"सकाळपासून काय केलंत?"

"हात मागे ठेवायला शिकवतोय. आता धड पळताही येईना तिला."

"अहो, बारा वर्षांची सवय चार तासांत काढायला निघालात? पोरगी आहे की भिंतीतला खिळा? हात राहू दे तिचा. भिंत मागे सरकवा."

"म्हणजे?"

"तिला सांगा, रेषा विसर. भिंत रेषेच्या पुढे दहा मीटर. तिथे हात लाव. हात पुढे करायच्या आधीच रेषा मागे गेलेली असेल."

इतकं सोपं होतं की फटाक्याला रागच आला. "पण तिथे भिंत कुठाय? नुसतं मोकळं मैदान!"

"तुम्ही आहात की. जन्मभर भिंतीसारखेच वागलात, आज जरा कामाला या."

शर्यतीआधी धावपटू अंगावरचे कपडे काढून टोपलीत टाकतात आणि त्या टोपल्या कुणीतरी रेषेपलीकडे नेऊन ठेवतं. हे काम स्वयंसेवकांचं. फटाक्याने आठव्या लेनची टोपली मागून घेतली. ज्या मैदानावर वीस वर्षं शिट्टी फुंकली, तिथे तो लेकीचे कपडे डोक्यावर घेऊन निघाला. पंचाने विचारलं, "हे काय हो?" तो म्हणाला, "बढती मिळाली."

बेडकीला त्याने एवढंच सांगितलं होतं : "भिंत मी. रेषा बिषा काही नाही. मला येऊन हात लाव."

"आणि तुम्ही बाजूला झालात तर?"

"नाही होणार."

तिने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं हे त्याला कळलं. कारण खरं तर त्यालाही पटलं नव्हतं.

रेषेपलीकडे दहा लांब ढांगा मोजून त्याने टोपली ठेवली आणि वाकून तिची कड सारखी करायचं नाटक करत राहिला. पिस्तूल वाजलं. तो सरळ उभा राहिला.

समोरून आठ पोरी पळत येताना कशा दिसतात, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो कायम बाजूला उभा, नजर घड्याळावर. आता ती सरळ त्याच्यावर येत होती. तोंड वेडंवाकडं, गाल हलताहेत, पाय फाड फाड आपटताहेत. "ओ काका, बाजूला व्हा!" पंच ओरडला. आयुष्यभर पळण्याचाच धंदा केलेला माणूस, त्याचे पाय आपोआप सुटायला बघत होते. त्याने टाचा रोवल्या. घाबरला होता, भयंकर घाबरला होता. कुठल्या क्षणी तिने रेषा ओलांडली ते त्याला दिसलंही नाही. तिने हात पुढे केला, डोकं खाली घातलं, आणि अठ्ठावन्न किलोची पोरगी पूर्ण वेगाने त्याच्या छातीवर येऊन आदळली.

दोघं टोपलीवरून मागे गेले. टोपली मोडली. फटाक्याची एक बरगडी कट्कन बोलली. तो उताणा पडला आणि त्याला आभाळ दिसलं आणि श्वास काही मिळेना.

दोन वर्षं तो तिचा वेग घड्याळात वाचत होता. बारा पूर्णांक अमुक, बारा पूर्णांक तमुक. ही एवढ्या जोरात येते, हे त्याला आजच कळलं. असं आईवर कुरघोडी करायला कुणी पळत नाही, आणि बापाच्या वचनासाठी तर नाहीच नाही. पोरीला स्वतःलाच पळायचं होतं.

"कितवी?" त्याने कसंबसं विचारलं.

बेडकी अजून त्याच्या अंगावर पडलेली, पंजा त्याच्या शर्टावर तसाच चिकटलेला. फलकाकडे तिने पाहिलंही नव्हतं. "हलला का नाहीत?" ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्ही हलणार."

"मग थांबली का नाहीस?"

"नाही थांबावंसं वाटलं."

फलकावर नावं लागली. तिसरी. चौथीपेक्षा एक शतांश पुढे. ती किंचाळली आणि नेमकी त्याच बरगडीवर हात टेकून उठली.

कुंपणापाशी मॅडम उभ्या होत्या. केव्हा आल्या होत्या देव जाणे. पायात तलावावरच्या रबरी चपला, डोळे लाल, आणि ते क्लोरीनमुळे लाल आहेत असं सांगायची तयारी आधीच झालेली. त्यांनी लेकीला घट्ट धरलं. मग नवऱ्याजवळ बसल्या आणि त्याच्या शर्टाची बटणं काढून छाती चाचपली.

"शिबिरात गेल्यावर पहिल्या दिवशीच शेवट शिकवतील तिला," त्या म्हणाल्या. "नीट. छातीने."

"शिकवू देत," फटाका म्हणाला. "आपल्याला नाही जमलं ते."

'आपल्याला' म्हटलं त्याने. मॅडमनी ते ऐकलं. त्यांनी नुसता त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला उभा केला.