जहाजावरचा बाहेरकाठा

भर समुद्रात भरती-ओहोटी जाणवत नाही, असं मी पेणच्या शाळेत बारा वर्षं शिकवत आले. काळुरामांना मात्र ती जाणवायची. आम्ही लक्षद्वीपच्या वाटेवर होतो. चहूकडे नुसतं निळं पाणी, वर फुगलेली शिडं, आणि हे आमचे स्वयंपाकी मध्येच झारा खाली ठेवून म्हणायचे, "धरमतरच्या खाडीला पानी भरलं, बाई." मग उठून जहाजाची आतली कड हाताने चाचपत एक फेरी मारायचे. मी भरतीचं कोष्टक काढून पडताळलं. पाच मिनिटांचाही फरक निघेना. खोटं कशाला बोलू, मला रागच आला.

'सागरवाट' हे दोन डोलकाठ्यांचं जहाज. समुद्राचं संशोधन आणि शाळेचा वर्ग एकाच बोटीवर, अशी ती २००५ सालची मोहीम. हैबतराव आमचे शास्त्रज्ञ. ते समुद्राचं पाणी नळीने ओढून गाळायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, आणि रोज अकरा वाजता मी ते उपग्रह-फोनवरून माझ्या सातवीच्या वर्गाला सांगायचे. तिकडे फोन स्पीकरला जोडलेला असे. काळुरामांची नात पुतळी त्याच वर्गात. "आज्याला न्या, बाई, त्याला घरात झोप नाय," असं तिनेच मला गळ घालून सांगितलं होतं.

जहाजावर वारांची नावं हळूहळू गळून पडली. सोमवार की गुरुवार, कुणाला ठाऊक! सकाळी पाणी दुधाळ, दुपारी इतकं निळं की हात बुडवला तर रंग लागेल असं वाटावं. उडते मासे डेकवर येऊन पडत. मी बोलताना फोनमधून मुलांच्या वह्यांची सळसळ ऐकू यायची आणि क्षणभर कळेनासं व्हायचं, वर्ग माझ्याकडे आलाय की मी वर्गात गेलेय. फार सुखाचे दिवस होते ते.

अठराव्या दिवशी हैबतराव लहान मुलासारखे ओरडले. भर समुद्रातल्या पाण्यात खाडीच्या चिखलातले जीव सापडले होते. काचेच्या होड्यांसारखे, सरकणारे. किनाऱ्यापासून इतक्या दूर! मी लगेच वर्गाला सांगून टाकलं. पुतळीने विचारलं, "बाई, म्हंजी आमची खाडी तुमच्यापरेंत आली?" मी म्हटलं, "आली गो, आली!" तिकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. हैबतराव त्या संध्याकाळी अहवाल लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळी धुवायला घेतली. पंपाच्या आधीच्या सांध्यावर काळा चिखल लिंपलेला होता, अंगठ्याने दाबून, अगदी नीट. थोडा आत ओढला गेला होता.

जहाजाच्या कडा चाचपत फिरणारा माणूस एकच होता. मी तरातरा काळुरामांकडे गेले. त्यांच्या चुलीमागे ओल्या फडक्यात गुंडाळलेला पत्र्याचा डबा होता. "हे काय केलंत?"

"तिथनं पानी ठिबकत व्हतं," ते म्हणाले. "म्या बुजवलं."

त्यांच्या गावाला समुद्राकडून मातीचा बांध होता, त्याला तिकडे बाहेरकाठा म्हणतात. उधाणाच्या भरतीला पाळीपाळीने त्यावर फिरायचं, खेकड्याचं बीळ दिसलं की चिखलाने बुजवायचं. सात वर्षांपूर्वी काळुरामांच्या पाळीला त्यांचा डोळा लागला. एका बिळाची खांड झाली, बांध फुटला आणि गावाची तीस एकर भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. "कोनी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "समदी म्हनाली, फुटायचाच व्हता." डब्यातला चिखल त्यांच्या बुडालेल्या शेताचा होता. बुजवायला दुसरी माती चालत नाही म्हणे.

मी नळीतून काय वर आलं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "झोपलो तवा बी माज्याच हातून, जागा ऱ्हायलो तवा बी माज्याच हातून," ते पुटपुटले. मग हात जोडले. "बाई, पुतळीला माझं नाव नका सांगू. पोरं तिला आधीच बोलतात."

अकराला दहा मिनिटं होती. माझा राग कधीच विरला होता. वर्गाला खरं सांगायलाच हवं होतं. पण नाव वगळून अर्धं खरं सांगायचं, की त्या पोरीसमोर तिच्या आज्याला उभं करायचं?

हैबतरावांनी सगळं ऐकलं, आणि अहवालाची पानं मिटली. मग डब्यातला चिमूटभर चिखल काचेवर ठेवून म्हणाले, "काळुराम, या. इथं डोळा लावा."

काळुराम वाकले. एक मिनिट गेलं, दोन गेली. "हे चालतंय," ते म्हणाले. "हे... ह्यो माझ्या शेतातला चिखल?"

"तुमच्याच."

ते सरळ झाले, डोळे पुसले आणि माझ्यापुढे हात केला. फोन मागत होते. मी वर्गाला जोडून दिला.

"पुतळे, आज्या बोलतोय," ते मोठ्याने म्हणाले, जणू पेणपर्यंत स्वतःच्या गळ्यानेच पोचायचं होतं. "काल बाईंनी सांगितलं ते चुकलं. खाडी नाय आली. म्या नळीला चिखल लावला, आपल्या शेतातला. बाहेरकाठ्यावर झोपलो तो बी मीच, आन् ह्ये बी मीच. समद्यांनी ऐका." ते थांबले. "पन पुतळे, आत्ता म्या काचेतनं बघितलं. आपलं शेत मेलं नाय गो. हालतंय. जित्तं हाय."

तिकडे एक बाक सरकल्याचा आवाज आला, मग पुतळीचा, अगदी फोनजवळून.

"मंग आता झोप की, आज्या."

काळुरामांनी फोन माझ्या हातात दिला. मोठ्या शिडाच्या सावलीत गेले, डोक्याखाली हात घेतला आणि आडवे झाले. मी वर्गाला म्हटलं, आज आवाज बारीक ठेवून शिकू या.