सहावरचा लाल ठिपका

मित्रांनो, देशाच्या क्रिकेट संघाच्या सरावगृहात कोपऱ्यातल्या जाळीजवळ उभे असलेले मी एक जुने गोलंदाजी यंत्र आहे. तीन पाय, दोन फिरती चाके आणि वेग ठरवणारी एक ते दहा आकड्यांची चकती, एवढाच माझा संसार. चाकांच्या फटीत चेंडू सोडला की मी तो फलंदाजाकडे फेकते. मला घडवणाऱ्या कारागिराने दहापर्यंत चालवून पाहिले होते आणि समाधानाने माझ्या पाठीवर थाप मारली होती.

इथे मला काका मिळाले. काका म्हणजे मला चालवणारे मिस्त्री. रोज सकाळी ते मला पुसत, तेल देत आणि घरच्या माणसासारखे माझ्याशी बोलत.

सहा वर्षांपूर्वी नवा कर्णधार आला. त्याने काकांना बाजूला घेऊन सांगितले, "काका, सहाच्या पुढे नको हं. पोरांचा आत्मविश्वास जातो." काकांनी लेकीच्या नेलपॉलिशने सहावर लाल ठिपका दिला. तेव्हापासून तो कुणी ओलांडला नाही. फलंदाज माझे चेंडू चोपून काढत. मायदेशी संघ जिंकत राहिला. चषक आला की सगळे माझ्याभोवती उभे राहून फोटो काढत. मीही हुरळून गेले.

मग परदेशातली मालिका आली. पाच सामने झाले आणि पाचही संघ हरला. सरावगृहातल्या टीव्हीवर आम्ही दोघे बघत होतो. शेवटच्या डावात संघ एकोणपन्नास धावांत गारद झाला, तेव्हा काकांच्या हातातला चहा तसाच गार झाला. माझा तर विश्वासच बसेना. माझ्यासमोर छाती काढून खेळणारे ते हेच का?

संघ परतल्यावर प्रगतीचा आढावा घ्यायला निवड समितीच्या अध्यक्षा थेट सरावगृहात आल्या. त्या स्वतः जुन्या खेळाडू. प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, हे यंत्र आता जुनं झालंय. भंगारात काढू."

बाईंनी चष्मा लावला आणि ठिपक्यावर बोट ठेवले. "याच्या पुढे शेवटचं कधी चालवलं?"

"सहा वर्षांत एकदाही नाही," काका पुटपुटले. "माझंच चुकलं."

बाईंनी चष्मा काढला. "सहा वर्षं?" त्यांनी विचारले. इतकी वर्षे ज्याला मी सराव समजत होते, तो नुसता लाड होता.

तेवढ्यात कर्णधार पुढे आला. "काकांचं नाही, माझं चुकलं. ठिपका मीच द्यायला सांगितला." त्याने शर्ट वर केला. बरगड्यांवर परदेशातल्या वेगवान चेंडूंचे काळेनिळे वळ होते. "प्रगती विचाराल, तर आम्ही अजून सहावरच आहोत."

त्याने नखाने तो ठिपका खरवडून काढला, पॅड बांधले आणि समोर जाऊन उभा राहिला. काकांनी चकती नवावर नेली. माझे अंग थरथरले. पहिला चेंडू त्याला दिसलाच नाही. दुसराही नाही. सातव्याला बॅटची नुसती कड लागली.

"काका, थांबू नका," तो म्हणाला.

बाईंनी अहवालात लिहिले, यंत्र ठेवावे.

मित्रांनो, तुम्ही माणसे मला पुसता, तेल देता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला ज्यासाठी घडवले, ते काम माझ्याकडून पुरेपूर करून घ्या. चेंडू अंगावर बसायचाच असेल, तर आधी माझा बसू द्या.