पाठीवरचा पाय

दिव्या पायाळू आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी येतात, तो पायाळू. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात.

त्यामुळे धानाच्या रोवण्याच्या दिवसांत या पोरीला उसंत नसे. चिखलात वाकून वाकून आखडलेल्या बाया संध्याकाळी तिच्या घरी यायच्या. कुणी भिंतीला हात टेकून उभी राहायची, कुणी ओट्यावर पालथी पडायची. दिव्या डावा पाय कमरेवर ठेवून दाबायची आणि मोठ्या माणसासारखं विचारायची, "गेली का वं मामी?"

"गेली वं माय!" मामी म्हणायची आणि जाताना तिच्या हातावर चिंच नाहीतर चारोळीची चारं ठेवायची.

सगळ्यात जास्त पाय पडायचा तो तिच्या आजीच्या, वच्छलाबाईच्या पाठीवर. रोज सकाळी, चूल पेटवायच्या आधी. वच्छलाबाईची कंबर कितीतरी वर्षांची दुखरी. अलीकडे तिचा डावा पाय बधिर होऊ लागला होता. चालताना चप्पल निसटून मागे राहायची आणि तिला पत्ताच नसायचा. मुलगा रोशन तिला चंद्रपूरला नेऊन आणत असे. तिथे कंबर मशीनने ओढायचे. टेबलावर बरं वाटायचं, पण परतताना काळीपिवळी जीपच्या मागच्या बाकावर आदळत घरी पोचेपर्यंत दुखणं दुपटीने वाढलेलं असायचं.

मग कळलं की जवळच्या गोंडपिपरीतच दर मंगळवारी एक डॉक्टरीण बसते. कमरुद्दीन कापडवाल्याची भाची, मदीहा. फिजिओथेरपी शिकून आलेली. मामाच्या दुकानामागच्या खोलीत एक टेबल, एक पडदा, बाहेर बाक. एवढाच तिचा दवाखाना. पहिल्या खेपेला तिने वच्छलाबाईचे पाय हलवून पाहिले, तळव्यांना कापूस लावून पाहिला आणि पाठीला हातच लावला नाही. "आधी कमरेचे एक्स-रे फोटो काढून आणा," म्हणाली.

आज ते फोटो घेऊन आले होते. वच्छलाबाई, रोशन आणि दिव्या. मदीहाने फिल्म खिडकीसमोर धरली आणि बराच वेळ ती खाली घेतलीच नाही.

"आजी, कुठून पडला होता का? बैलबंडीवरून, झाडावरून?"

"नाई जी."

"पाठीवर कोणी वजन देते का? मालिश, तुडवणं, असं काही?"

"मी पाय देतो नं!" दिव्या पुढे आली. "रोज देतो. मी पायाळू आहो."

मदीहाने तिच्याकडे पाहिलं, मग फिल्मकडे. "बेटा, तू आणि बाबा जरा बाहेर बसा."

ती दोघं गेल्यावर तिने पडदा ओढला आणि हलक्या आवाजात सांगितलं, "हा मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरला आहे, आजी. वर्षानुवर्षं वाकून काम केलं, त्यानं सुरुवात झाली असेल. पण वरून रोज दाब पडून राह्यला. असंच चाललं तर पायातली ताकद जाईल. लघवीसुद्धा कळणार नाही. पाय देणं आजपासून बंद. ते मशीनचं ओढणंही नको. मी पोटाचे व्यायाम शिकवते, ते हळूहळू करायचे."

वच्छलाबाई तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. "पाय बंद?"

"बंद म्हणजे बंद."

"तो कसा बंद करू, बाई?" ती म्हणाली. मदीहाला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही.

तिने वच्छलाबाईला उताणं निजवलं, गुडघ्यांखाली लोड दिला, कमरेखाली शेकाची पिशवी सरकवली आणि हात धुवायला मागे गेली. खोलीत शांतता झाली. पडद्यापलीकडून एक अनोळखी आवाज यायला लागला.

"तुमच्या घरी गेलो होतो, भाऊ. तिथी सांगतलं, गोंडपिपरीले गेले म्हणून. हेच का ते पोरगी?"

"हो जी," रोशनचा आवाज. त्यात नेहमीचा अभिमान होता.

"अमावास्येले एक रात पाठवा. जंगलातल्या जुन्या देवळाजवळ. हिनं फक्त उभं राहाचं आन् जागा दाखवाची. पायाळूले जमिनीतलं दिसते. निघालं तर तुमचाही वाटा."

"काही कराचं नाई नं तिले?"

"काय कराचं? नवे कपडे घालून आनजा. हळद-कुंकू लावू, पूजा करू. बस. तुम्ही मात्र दूर थांबजा."

गुप्तधनाच्या नादी लागलेली माणसं बळी द्यायच्या आधी हळद-कुंकू लावतात, हे वच्छलाबाईने ऐकलेलं होतं. आता रोशन उठेल, त्या माणसाची कॉलर धरेल, म्हणून ती वाट पाहत राहिली.

"आईले विचारून सांगतो," रोशन म्हणाला.

ती कशी उठली ते तिलाच कळलं नाही. शेकाची पिशवी जमिनीवर पडली. "आजी, अशा उठू नका!" मदीहा धावली. तोवर वच्छलाबाईने पडदा बाजूला केला होता. बाकावर पांढऱ्या बुशकोटातला माणूस बसला होता, शेजारी रोशन. दिव्या दाराशी कापडाच्या गठ्ठ्यावर पाय हलवत होती.

"पोरगी पायाळू नाई," वच्छलाबाई म्हणाली.

रोशन हसला. "आई, काय बोलून राह्यली?"

"डोकं आधी आलं होतं तिचं. म्याच धरलं या हातानं. सून आन् मी, खोलीत तिसरं कोणी नव्हतं."

"सारा गाव सांगते, बाई," माणूस शांतपणे म्हणाला. "पोरीसाठी भेता, म्हणून असं बोलता."

"गावाले म्याच सांगतलं!" तिने टेबल घट्ट धरलं. "तिसरी पोरगी झाली तवा हा दारातच म्हणे, देऊन टाका कोणाले. तोंड पाह्यलं नाई यानं तिचं. मंग मी बाहेर येऊन म्हटलं, पायाळू आहे, लक्ष्मी आहे. तवा यानं हातात घेतली."

रोशनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच अडकून राहिलं. "म्या म्हटलं होतं? देऊन टाका?"

त्याला आठवतच नव्हतं. ज्या वाक्यापायी तिने रोज सकाळी दात आवळून "गेली वं माय" म्हटलं, ते वाक्य तो कधीच विसरून गेला होता. वच्छलाबाईला मणक्याच्या बातमीनेही इतका धक्का बसला नव्हता.

"पण लोकायच्या पाठी तर बऱ्या होतेत," माणूस बसल्या जागेवरूनच म्हणाला.

वच्छलाबाईने एकदा दिव्याकडे पाहिलं. ती गठ्ठ्यावरून उतरली होती. हे तिच्यासमोर बोलायचं नव्हतं. दुसरं काही सुचेनाही.

"बाई, तो फोटो दाखवा यायले," ती मदीहाला म्हणाली.

मदीहा थबकली. "बच्ची समोर आहे, आजी."

"दाखवा."

फिल्म पुन्हा खिडकीशी गेली. सरळ उभ्या रांगेतून एक हाड पुढे निघालेलं होतं. ते कळायला शिकलेलं असण्याची गरज नव्हती.

"खऱ्या पायाळूच्या पायानं हे झालं असतं का?" वच्छलाबाईने विचारलं. "माहा पाय बधिर होऊन चालला जी. याले लक्ष्मीचा पाय म्हनता?"

माणसाने फिल्मकडे पाहिलं, मग दिव्याच्या पायांकडे. दुकानातून कमरुद्दीन कापड मोजायचा गज घेऊनच आला होता. "काय पाहिजे तुम्हाला? कपडा पाहिजे? नाही ना? मग बाक सोडा. पेशंट बसतात इथं." माणूस निघून गेला.

दिव्या रडली नाही. "आजी, म्या मोडली?" एवढंच तिने विचारलं.

"नाही बेटा," मदीहा तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुझ्या जन्माआधीपासून आजीची कंबर खराब आहे." ती समजावून सांगत राहिली. दिव्या मान हलवत राहिली. पण व्यायामात आजीचा गुडघा धरायला बोलावलं तेव्हा तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

काळीपिवळीच्या थांब्यावर गावची इतवारी भेटली. तिने डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि लगेच पाठ वळवली. "दिव्ये, जरा पाय लाव वं. सकाळधरून उसण भरली."

दिव्या हलली नाही. वच्छलाबाईने रोशनकडे पाहिलं. बोलायचं होतं ते रोशननेच. तिचं सगळं सांगून झालं होतं.

रोशनने आजूबाजूला पाहिलं. थांब्यावर गावचे आणखी चारपाच जण होते.

"नाई लावत ते," तो मोठ्याने म्हणाला. "पायाळू नाई ते. डोक्यानं आली."

"मजाक करता का भाऊ?" इतवारी वळून हसली. "मंग माही पाठ इतके वर्ष कोणं बरी केली?"

"ते मले नाई मालूम. पोरगी साधी आहे माही. आता कोणी घरी पाठ घेऊन येजा नोका."

इतवारीचं हसू विरलं. गाडी आली तेव्हा रोशनने ड्रायव्हरशी हुज्जत घालून आईला पुढची जागा मिळवली आणि तो दिव्याला घेऊन मागे बसला. वच्छलाबाईने मान वळवून पाहिलं. पोरगी बापाला चिकटून बसली होती आणि खाली कुणालाच लागू नयेत म्हणून तिने दोन्ही पाय फ्रॉकच्या आत ओढून घेतले होते.