तुळशीजवळचा नळ

समुद्रापारच्या नवुआ गावात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा राहतो. म्हणूनच सुनेनं स्वयंपाकघरातलं सांडपाणी खडी आणि कर्दळीतून गाळून पिंपात भरायला घेतलं, तेव्हा कुंतामाईंना पहिला संशय आला.

"अगं प्रणीता, छपरावरून गंगा वाहतेय. मग मोरीचं पाणी साठवायचं कशाला?"

"पाणी कमी आहे म्हणून नाही, माई. आपला साबण ओढ्यात जातो, म्हणून. आमच्या हॉटेलातली सगळी बाग अशाच पाण्यावर आहे."

"हॉटेलात तुळस नसते. माझ्या न्हाणीघराच्या पाण्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

इतक्या लवकर कबूल झाली, हा दुसरा संशय. पिंप तुळशीजवळच्या नळापासून हातभर अंतरावर. माई रोज स्नान करून त्याच नळाचं पाणी सूर्याला देत. त्याआधी तोंडात चहाही नाही. त्या तांब्यात मोरीचं पाणी मिसळलं, तर आयुष्यभराचा नेम कुठे राहिला? त्यातून कुंपणाशी शेजारची अकेनेता आणि प्रणीता सारख्या कुजबुजायच्या. माई दिसल्या की गप्प.

एका दुपारी माईंनी न्हाणीघराला आतून कडी लावली आणि वाटीभर हळद मोरीत ओतली. चोरून नळी जोडली असेल, तर रंगच बोलेल.

सकाळी तांब्या उजेडात धरला. पाणी स्वच्छ. पिंपाचं झाकण उचललं. तिथंही पिवळेपणाचा मागमूस नाही. मग हळद गेली कुठे?

उत्तर बाजारातून परत आलं. अकेनेता रोज नदीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची आणि विकेपर्यंत टोपलीसकट ओढ्यात बुडवून ठेवायची. ती टोपली तिनं कुंपणावर आदळली.

"लग्न कुणाचं गं तुमच्याकडे? माझ्या तिसऱ्यांनाच हळद लावलीत! बाजारात बायका म्हणे, यांना कावीळ झालीय. एकीनंही घेतल्या नाहीत."

प्रणीता माईंच्या बोटांकडे पाहत राहिली. माईंनी बोटं पदरात घेतली.

"माझं पाणी हिच्या टोपलीत जातं?"

"पहिल्यापासून. तेच सांगायला ती यायची. तुमच्यासमोर संकोचायची."

माईंनी त्या पिवळ्या शिंपल्यांकडे पाहिलं.

"जोड माझीही मोरी," त्या हळूच म्हणाल्या. "आजच. पण पिंपाला कुलूप लाव. किल्ली माझ्याकडे."