मास्तरांची पाहणी

पाहणीला बाई येणार म्हणून टेलरमास्तर सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, घरातल्या घरात बूट चढवून खुर्चीत ताठ बसले होते. मुलाने दारातून ते पाहिलं आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

मुलाचं चष्म्याचं दुकान होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आई गेल्यापासून मास्तर आपल्या दोन खोल्यांत एकटेच राहत. वस्तीतल्या केंद्राला सरकारी अनुदान मिळायचं, म्हाताऱ्या माणसांना आपापल्या घरी राहता यावं म्हणून. सकाळी आंघोळीला मदत करायला कुणीतरी यायचं, दुपारी गरम जेवण यायचं, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून मिळायचे. यंदा मात्र सरकारने हात आखडता घेतला होता, त्यामुळे खरी गरज कुणाला आहे ते पाहायला केंद्राच्या बाई घरोघरी फिरत होत्या. अर्ज मुलानेच केला होता. त्यासाठी बाबांना राजी करता करता त्याच्या नाकी नऊ आले होते.

बाबांनी आज जरा थकल्यासारखं दिसावं, असं त्याने हसत हसत सुचवून पाहिलं. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो त्यांना भर बाजारात कुणाचं पाकीट मारायला सांगत होता.

बाई आल्या. मध्यम वयाच्या, बोलायला मऊ. मास्तरांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली आणि मग प्रत्येक प्रश्नाला छाती पुढे काढून उत्तर दिलं. आंघोळ आपली आपण करतो. स्वयंपाक म्हणाल तर आणखी दोघांना वाढता येईल. जिन्याचं तर काहीच वाटत नाही. मागे न्हाणीघरात पडले होते आणि शेजारीण येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून होते, ते त्यांनी साफ गिळून टाकलं. वर बाईंच्या कोटाचा खांदा ओढला जातोय, शिवण थोडी सैल करायला सांगा, असा फुकटचा सल्लाही दिला. बाई मनापासून हसल्या आणि कागद आवरायला लागल्या.

मुलगा ते कागद पिशवीत जाताना पाहत होता. मदत मिळाली नाही तर बाबांना घरी आणावं लागणार, हे उघड होतं. मुलीची खोली त्यांना द्यावी लागेल. बायको काही बोलणार नाही, फक्त ओठ घट्ट मिटून घेईल. जेवताना बाबा भाजीपासून सरकारपर्यंत सगळ्यांची खरडपट्टी काढतील. नको, असं त्याच्या मनात स्पष्ट उमटलं आणि त्याच क्षणी तोंडातून शब्द गेले.

"बाबा, शर्टाची बटणं काढून परत लावून दाखवा ना यांना."

मास्तर बटणं लावलेलाच शर्ट डोक्यातून घालतात, हे मुलाने एकदा दाराच्या फटीतून पाहिलं होतं. आपलं हे कुणाला कळलं असेल, याची मास्तरांना कल्पना नव्हती.

ते नाही म्हणू शकले असते. पण त्यांनी हात वर नेले. एक बटण कसंबसं निघालं. परत लावताना मात्र बोटं भोकाभोवती नुसती फिरत राहिली. या हातांनी गावातल्या निम्म्या नवरदेवांचे कोट शिवले होते. राहू द्या मास्तर, असं बाई दोनदा म्हणाल्या, पण ते थांबेनात. कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"आज गारठा आहे जरा," ते म्हणाले.

मुलाने तिथे तरी गप्प बसायला हवं होतं. पण एकदा सुटलेली त्याची जीभ आवरेना. न्हाणीघरातलं पडणं त्याने सांगितलं. करपलेली भांडी सांगितली. रात्री कधीकधी गादी ओली होते, तेसुद्धा सांगून टाकलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं होतं. बाईंनी खाली मान घालून सगळं लिहून घेतलं.

मदत मंजूर झाली. दांडे बसले, जेवण सुरू झालं. सकाळी येणाऱ्या मावशी बोलक्या आणि खमक्या होत्या. त्यांच्याशी मास्तरांचं चांगलं जमलं. त्यांची तब्येतही सुधारली. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, तेव्हा मुलगा म्हणायचा, बाबा मजेत आहेत, आपल्या घरी आहेत. ते खोटं नव्हतं. तरी म्हणताना त्याची नजर काउंटरवर जायची.

कारण मास्तर त्याच्याशी नीट वागायला लागले होते. पूर्वी तो आला की दारातच त्याच्या केसांवरून, पोटावरून तोंडसुख घेत. आता पंखा लावत, पाणी देत, धंदापाणी विचारत. उशीर होत असेल तर नीघ, म्हणत. पाहुण्याला म्हणावं तसं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला दर वेळी वाटायचं.

एका रविवारी त्याला ते सोसवेना. पाण्याचा पेला हातात तसाच धरून त्याने सांगून टाकलं की त्या दिवशी जे केलं ते बाबांच्या काळजीपोटी नव्हतं. बाबा आपल्या घरी यायला नको होते, म्हणून केलं. बोलताना कान तापले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मास्तरांनी त्याच्या हातातला पेला घेऊन बाजूला ठेवला.

"मला कळलं होतं ते," ते म्हणाले. "मलाही यायचं नव्हतं रे तुझ्याकडे. दोन दिवसांत भांडणं झाली असती."

मुलाला हायसं वाटणार, तोच ते पुढे म्हणाले, "पण एकदा विचारशील असं वाटलं होतं. मी नाहीच म्हणालो असतो."

आता विचारावं, तर त्या विचारण्याला काय अर्थ होता? न विचारावं, तर अजूनही विचारायचं नाही हेच दिसलं असतं. मास्तरांनीच त्याची सुटका केली. खुर्चीजवळ बसवलेल्या दांड्याला धरून उठले, काठी घेतली आणि म्हणाले, शेजारचे दोघंतिघं खाली बाकावर वाट बघत असतील. तुला बसायचं तर बस, जाताना दार ओढून घे.

जिन्यावर त्यांची पावलं सावकाश उतरत गेली. मदतीला जावं म्हणून मुलगा उठला आणि उंबऱ्यातच थांबला. खालून कुणीतरी मास्तरांना हाक मारली, आणि मास्तरांनी त्याला जुन्या, खणखणीत आवाजात काहीतरी सुनावलं. खाली हशा पिकला. मुलगा तिथेच उभा राहून ते ऐकत राहिला.