लाकडाप्रमाणे काढावी

माझी बायको मंदाकिनी गेली, त्याला चार महिने झाले असताना जतन समितीची नोटीस आली. नोटीस स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल होती.

आमचं घर कसबा पेठेत, एका बोळात आहे. खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि स्वयंपाकघर. मुद्दाम बघायला यावं असं त्यात काही नाही. पण बोळातली सगळी घरं शंभर-सव्वाशे वर्षांची, म्हणून अख्खा बोळ जतनाच्या यादीत गेला. तेव्हापासून बोळाच्या बाजूला नवीन काही लावायचं नाही असा नियम आहे. टाइल्स नाहीत, फायबर नाही, अॅल्युमिनियम तर नाहीच.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला तेहतीस वर्षं पत्राकाम केलं. आधी गाडीचा सांगाडा, मग त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. मला तो धातू आवडतो. गंजत नाही, फुगत नाही, उचलायला हलका.

आमची जुनी खिडकी सागाची होती आणि पावसाळ्यात फुगायची. जूनपासून दसऱ्यापर्यंत ती उघडायला खांदा लावावा लागे. मी कामावर असलो की मंदाकिनी दिवसभर फोडणीच्या धुरात. तिच्या बहिणीच्या, सुहासिनीच्या, बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये सरकती खिडकी होती. तिथे गेलं की चहा होईपर्यंत मंदाकिनी ती दोन-तीनदा उघडून लावून बघायची.

मी म्हणायचो, "अगं, मोडेल."

"मोडली तर तुम्ही आहात ना पत्रेवाले."

हे वीस वर्षं चाललं. गेल्या जानेवारीत ती आजारी पडली आणि डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं. त्याच आठवड्यात मी सागाची खिडकी जुन्या बाजारात देऊन टाकली आणि स्वतःच्या हातानं अॅल्युमिनियमची बसवली. परवानगी मागितली नाही, कारण मिळाली नसती. पुढचे चार महिने मंदाकिनीनं ती एका बोटानं उघडली. शेवटी शेवटी तिला पेला उचलवत नव्हता, तरी खिडकी उघडता येत होती. म्हणून ती खिडकी मला जाऊ द्यायची नव्हती. मंदाकिनी गेल्यावर मीही खिडकीला फारसा हात लावला नव्हता.

नोटीस घेऊन मी समोर श्रीनिवास सरांकडे गेलो. सर मराठीचे निवृत्त शिक्षक. बोळात कोणाचंही लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी सरांना दाखवावी लागते. नाही दाखवली तर ते मांडवात येऊन चुका सांगतात.

सरांनी चष्मा लावला आणि आधी लाल पेन उघडलं.

"सर, ती उत्तरपत्रिका नाही."

"ते वाचल्यावर ठरवू." त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'सदर अॅल्युमिनियमची खिडकी पंधरा दिवसांत मूळ लाकडाप्रमाणे काढावी.' अनंतराव, हे कोणी लिहिलंय?"

"खाली सही आहे. उल्का काहीतरी. मला सांगा, काढायला लागणार का?"

"लागणारच. पण कशी काढायची ते बघा. यांना म्हणायचंय, ही काढावी आणि मूळ होती तशी लाकडी बसवावी. बसवावी हा शब्द गाळलाय. उरलं काय? लाकडाप्रमाणे काढावी. चौथीतल्या मुलाला हे वाक्य दिलं तर तो रंगपेटी घेऊन बसेल."

सर स्वतःच्या विनोदाला हसत नाहीत. त्यांनी 'काढावी'खाली दोन रेघा मारल्या आणि नोटीस परत दिली. मी जिना उतरलो, आणि बोळ ओलांडेपर्यंत मला सोनबाची आठवण झाली होती.

सोनबा आमच्या वर्कशॉपचा पेंटर. विश्रांतवाडीचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. गाड्यांवरची गावांची नावं त्याच्या हातची असायची. शिवाय रविवारी तो लोखंडी कपाटांना सागाचा रंग द्यायचा. म्हणजे नुसता तपकिरी नव्हे. आधी पिवळट अस्तर, त्यावर तपकिरी हात, आणि तो ओला असतानाच फणी फिरवून लाकडाच्या रेषा काढायच्या. त्याची कपाटं लोक ठोकून बघायचे.

सोनबा दुसऱ्या दिवशी आला. खिडकी बघून म्हणाला, "रंग धरनार न्हाई ह्याच्यावर."

"पॉलिशपेपर मी मारतो. प्रायमर मी लावतो. तू फक्त लाकूड काढ."

"नोटिशीत तसं लिवलंय?"

"शब्दाला शब्द."

"मग सरकारी काम हाय म्हणायचं." तो बाह्या वर सारायला लागला.

खिडकीची सरकती दारं आम्ही खाचेतून उचलून स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवली. चौकट मात्र बोळातून शिडी लावून रंगवायची होती, त्यामुळे दोन दिवस सगळा बोळ खाली उभा. कोणी म्हणालं रेषा फार सरळ आल्या. कोणी म्हणालं हा साग नव्हे, आंबा दिसतो.

सोनबा शिडीवरून म्हणाला, "आंबा म्हनलात तर पेट्या करून देईन. थांबा की जरा." मग त्यानं अंगठ्याला फडकं गुंडाळून ओल्या रंगात एक गाठ काढली आणि मान मागे घेऊन बघितली. "आता बोला."

खालच्या सगळ्यांनी माना वर केल्या. गाठ खरी वाटत होती. तो खूश झाला आणि त्यानं अजून तीन काढल्या. चौथीनंतर मी त्याला खाली उतरवलं.

श्रीनिवास सर दारात उभे होते. "अनंतराव, मी व्याकरण सांगितलं होतं. सल्ला दिला नव्हता."

"सर, तुम्ही वाक्याचा अर्थ सांगितलात. मी आज्ञा पाळली."

"माझ्या एकाही विद्यार्थ्यानं एवढं ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

पंधराव्या दिवशी सकाळी अकराला उल्का आली. पंचविशीची मुलगी, आर्किटेक्ट, स्कूटरवरून. हेल्मेट न काढताच तिनं वर बघितलं आणि फाइल उघडली.

"आजोबा, बदललीत ना? किती छान. लोक पंधरा दिवसांत नोटिशीला उत्तरसुद्धा देत नाहीत."

खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. तिनं कॅमेरा काढला. फोटो निघाला की काम झालं, असं मी मनात म्हणत होतो.

वर स्वयंपाकघरात सोनबा चहा पीत बसला होता. त्यानं 'छान' ऐकलं. कौतुक ऐकून घरात बसून राहणारा माणूस तो नव्हे. त्यानं खिडकी उघडली. सागाचा एक अर्धा भाग आवाज न करता सागाच्या दुसऱ्या अर्ध्या भागामागे सरकत गेला आणि तिथून सोनबाचं डोकं बाहेर आलं.

"गाठीचा फोटू घ्या, म्याडम. ती फस्क्लास जमलीय."

उल्कानं कॅमेरा खाली केला. मग हेल्मेट काढलं. "आजोबा, लाकडी खिडकी अशी उघडत नाही."

"नाही उघडत," मी म्हणालो. "तोच तर त्रास होता."

ती वर आली. श्रीनिवास सर न बोलावता मागोमाग आले. तिनं रंगावर नख वाजवलं, तेव्हा पत्र्याचा आवाज आला. मी तिच्यापुढे नोटीस ठेवली. लाल रेघांवरून तिनं वाक्य दोनदा वाचलं, आणि तिचे कान लाल झाले.

"हे मीच टाइप केलं. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधून."

"ते कळलं," सर म्हणाले. "पण तुमचं वाक्य वाया गेलं नाही. या चार गाठी त्याच वाक्यातून निघाल्या."

ती हसली, पण फाइल बंद केली नाही. "आजोबा, मला हे पास नाही करता येणार. उद्या शेजारचे सिमेंटवर विटा काढतील. पण एवढा आटापिटा कशासाठी? लाकडी परवडत नाही का?"

मग मी तिला मंदाकिनीचं सांगितलं. एक बोट, पेला, चार महिने. दोन-तीन वाक्यांतच संपलं, कारण तेवढंच होतं. सोनबा कपात बघत राहिला. उल्का खिडकीपाशी गेली आणि तिनं ती एका बोटानं लावली, परत उघडली. मला वाटलं होतं, दुसऱ्या कोणी असं केलेलं मला बघवणार नाही. पण काही वाटलं नाही. खिडकी नीट चालते आहे, एवढंच वाटलं.

तिनं टेप काढून भिंतीची जाडी मोजली. वीस इंच. पुन्हा मोजली.

"आमचा नियम बाहेरच्या बाजूचा आहे," ती सावकाश म्हणाली. "बाहेरच्या कडेला सागाची चौकट आणि दारं हवीत. तुमची खिडकी भिंतीतच एक फूट आत गेली, तर ती घरातली वस्तू झाली. घरात तुम्ही काहीही ठेवा."

"सागाची दारं फुगतील," मी म्हणालो.

"उघडी ठेवा ना. त्यांना मिटायचं कारणच काय? पाऊस अडवायला आत ही आहे."

मी तेहतीस वर्षं गाड्यांना पत्रे आणि खिडक्या बसवल्या, आणि हे मला सुचलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग चहा द्या."

चहा होईपर्यंत नवा आदेश सरांनी तोंडी सांगितला आणि तिनं लिहून घेतला. एका स्वल्पविरामावरून दोघांचं वाजलं. सर जिंकले.

जुन्या बाजारात मला कोणाच्या तरी घराची सागाची खिडकी मिळाली, चौकटीसकट, दारं बाहेर उघडणारी. सोनबानं दुसऱ्या बाजूनं धरलं, मी बसवलं. एका रविवारी काम उरकलं. त्याच्या गाठी असलेली खिडकी आता आत आहे. रंग खरवडून काढतो म्हणालो तर तो दोन तास बोलला नाही, म्हणून तसाच ठेवला.

दोन खिडक्यांच्या मध्ये फूटभर रुंद फळी झाली आहे. सोनबानं विचारलं, "वहिनींनी हितं काय ठेवलं असतं?"

काहीही नाही. तिला खिडकीत सामान ठेवलेलं अजिबात चालत नसे.

मी तिथे दुधाचं पातेलं ठेवतो. वारा लागतो, साय चांगली धरते.