लेथजवळचा साबण

“वहिनी, हे टेफ्लॉन ॲसिडला भीत नाही, वाफेला भीत नाही. पण त्याचा भुगा हाताला असताना दादांना विडी ओढू देऊ नका. धूर बाधतो.” वर्कशॉपवर पांढरे रॉड पोचवायला आलेला विक्रेता म्हणाला होता. कडेवरच्या बाळाचं नाक पुसत शिवकन्या तेव्हा नुसती हसली होती. विडी वाईटच, त्यात नवीन ते काय?

आता तिचा नवरा, गहिनीनाथ, तिसऱ्यांदा दोन गोधड्यांखाली कुडकुडत होता. रक्त तपासून झालं, मलेरिया नव्हता. साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला. पंपांचे सील, व्हॉल्व्हच्या चकत्या, सगळं त्यालाच कातून द्यायचं होतं. म्हणजे सकाळी ताप उतरला की स्वारी पुन्हा लेथवर!

“नजर लागली गं लेकराला,” सासूबाई त्याच्यावरून मिरच्या ओवाळत म्हणाल्या.

“नजर काय टेफ्लॉनचं काम असलं त्याच राती लागती का, आत्याबाई?” बोलता बोलता शिवकन्या थबकली. तिला तो विक्रेता आठवला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती वर्कशॉपमध्ये गेली. फिरत्या रॉडवरून सायीसारखी मऊ, निसरडी साल सुटत होती. गहिनीनाथने लेथ थांबवला, खालच्या ट्रेमधून मघाशी विझवून ठेवलेली अर्धी विडी उचलली. तिच्या टोकाला पांढरा तंतू. कशालाही न चिकटणारं म्हणे हे प्लास्टिक! विडीला बरं चिकटलं.

त्याने काडी ओढायच्या आत तिने विडी हिसकावली.

“काय करायलीस? आर्धी हाय आजून!”

“आर्धी विडी न्हाई, रातचा ताप हाय त्यो! निखाऱ्यावर इषारी धूर व्हतो ह्याचा.”

“कालेजात ह्येच शिकवलं का? नवऱ्याची इज्जत काढायला? लोकं बघायलेत.”

“बघू द्या. विडी तर सोडत न्हाई तुमी, निदान हात धुवा. आन् त्याच कपड्यानं बाळाला उचलू नका.”

“धुतो म्हणलं ना, माय!”

तिने लेथजवळ बादली आणि लाल साबण आणून ठेवला, विड्यांसाठी बाहेरच्या खिडकीत झाकणाचा डबा. ती समोर उभी असली की तो कोपरापर्यंत हात धुतो. आणि ती वळली की? संध्याकाळी जाऊन ती साबण चाचपते. एखाद्या दिवशी ओला. बाकी कोरडाच, भेगा पडलेला.

उद्या तिला आजारी आईकडे घाटनांदूरला जायचंय. तुमचं वडवणीला येणं झालं, तर स्टँडमागच्या वर्कशॉपमध्ये जरा डोकावा. त्याला काही विचारू नका, चिडेल. साबणाला तेवढं बोट लावून बघा.